मागून आणलेली मोटार

लग्नसराईत शेजाऱ्याची मोटार मागून नेणे आपल्या घरांतून नित्याचेच. परंतु वाटेत अपघात घडला, तर विमा कोणाचा लागू व्हावा: मालकाचा की चालविणाऱ्याचा?

आपल्याकडे विमा वाहनाला चिकटलेला असतो. मालकाच्या संमतीने, वैध परवाना असलेला कोणीही गाडी चालवीत असला, तरी जखमी पादचाऱ्याची भरपाई त्याच गाडीच्या पॉलिसीतून होते. चालविणाऱ्याच्या स्वतःच्या मोटारीचा विमा येथे उपयोगी पडत नाही. गाडीची दुरुस्ती मात्र सर्वंकष विमा असेल तरच मिळते. आणि तसा दावा केला की मालकाने वर्षानुवर्षे साठविलेली ‘नो क्लेम बोनस’ची सवलत सहसा जाते.

खरी मेख पुढेच आहे. कर्नाटकात इरकलहून मागून आणलेल्या मोटारसायकलीवर गावी निघालेले एक गृहस्थ 2000 साली अपघातात दगावले. वाहन मागून नेणारा मालकाच्याच जागी येतो, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली त्यांच्या कुटुंबास मोटार वाहन कायद्याच्या कलम 163-अ खाली भरपाई नाकारली.

म्हणून किल्ली हाती घेण्यापूर्वी विम्याचे कागद पाहावेत, स्वतःचा वैयक्तिक अपघात विमा उतरवावा. आणि नुकसान झालेच, तर मालकाची बुडालेली सवलत न मागता भरून द्यावी. शेजारधर्म त्यानेच टिकतो.