आवाजाच्या हिशेबाला घरचा उजेड

यवतमाळ हे जसे कापसाच्या व्यापाराचे गाव, तसेच ते मंडपांचेही गाव आहे. दुर्गोत्सवाचा विषय निघाला की कोलकात्याच्या पाठोपाठ यवतमाळचे नाव विदर्भात आवर्जून घेतले जाते. १९७३ साली ग. दि. माडगूळकर यांच्या आणि २०१९च्या जानेवारीत अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले. प्रवचने, भक्तिसंध्या, तपस्व्यांचे सत्कार, लग्नसमारंभ आणि शोकसभा यांची वर्षभर रीघ असते. अशा प्रत्येक प्रसंगी मंडपाच्या मागच्या कोपऱ्यात एक माणूस ध्वनिमिश्रण यंत्रासमोर, म्हणजे मिक्सरसमोर, बसलेला असतो. व्यासपीठ उजेडात न्हाऊन निघालेले असते. तो मात्र अंधारात चाचपडत असतो.

हा अंधार वाटतो तेवढा किरकोळ नाही. सोळा माइकांच्या मिक्सरवर दीडदोनशे नॉब आणि बटणे सहज असतात, आणि त्यांवरील अक्षरे मुंगीएवढी. वक्त्याचा फेडर समजून शेजारचा फेडर वर सरकला, तर ऐन श्रद्धांजलीच्या वेळी कर्कश शिट्टी घुमते. नको तो बंद झाला, तर पाहुण्यांचे ओठ हलतात आणि शब्द पोहोचत नाहीत. मोबाइलचा उजेड दाखवत काम करणाऱ्याचा एक हात अडकून पडतो. शिवाय तो प्रखर उजेड डोळ्यांत गेल्यावर व्यासपीठाकडे पाहताना क्षणभर काहीच दिसत नाही. अंधाराला पूर्ण सरावण्यास डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि तो सराव मोडायला एक क्षण पुरतो.

यावरचा उपाय म्हणजे वाकवू तशी राहणारी लवचीक दांडी आणि तिच्या टोकाला छोटा दिवा. मोठ्या मिक्सरवर अशा दिव्यासाठी १२ व्होल्टचे स्वतंत्र सॉकेट असते. पूर्वी तेथे तारेचा बल्ब लावत. पाच वॅटचा तसा बल्ब सुमारे ४२० मिलिअँपिअर प्रवाह घेतो, तापतो आणि गाडीतून सामान नेताना बसणाऱ्या हादऱ्यांनी त्याची तार तुटते. एलईडीने ही अडचण संपवली. निक होलोनियाक यांनी १९६२ साली दृश्य लाल प्रकाश देणारा एलईडी तयार केला. परंतु पांढऱ्या उजेडासाठी निळा एलईडी हाती येणे आवश्यक होते. तो साध्य करणाऱ्या इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणारा लेप दिला की दोन्ही मिळून पांढरा उजेड दिसतो. आज बाजारात मिळणारा पांढरा एलईडी बहुतांशी याच जातीचा असतो.

असा दिवा घरी बनवणे हे व्यापारी घरातील मुलामुलींना अवघड जाऊ नये, कारण त्याचे गणित रोजमेळासारखेच आहे. जमा बाजूला १२ व्होल्ट. पांढरा एलईडी साधारण ३.२ व्होल्ट घेतो. तीन एलईडी एकामागोमाग जोडले की ९.६ व्होल्ट खर्ची पडतात. शिल्लक २.४ व्होल्ट. ही शिल्लक कोठेतरी खर्ची टाकलीच पाहिजे, नाहीतर प्रवाह बेसुमार वाढून एलईडी जळतो. ते काम रेझिस्टर करतो. पाच मिलिमीटरच्या साध्या एलईडीला २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह सोसत नाही. १८० ओहमचा रेझिस्टर घातला, तर २.४ भागिले १८० म्हणजे सुमारे १३ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. यात उजेड पुरेसा मिळतो आणि एलईडीचे आयुष्यही राखले जाते. रेझिस्टर पाव वॅटचा चालतो.

तीन एलईडींच्या अशा दोन ओळी केल्या की मिक्सरवर पुरेसा उजेड पडतो. मात्र प्रत्येक ओळीला स्वतःचा रेझिस्टर हवा. दोन ओळींना मिळून एकच रेझिस्टर देणे म्हणजे दोन भागीदारांनी मर्यादा न ठरवता एकाच खात्यातून उचल करणे होय. एक ओळ जास्त घेते, दुसरी उपाशी राहते. दोन्ही ओळींचा एकूण खर्च २७ मिलिअँपिअर, म्हणजे एक तृतीयांश वॅटहूनही थोडा कमी. जुन्या बल्बच्या तुलनेत हा खर्च पंधरावा हिस्सा आहे. मिरवणुकीत गाडीच्या बॅटरीवर दिवा लावायचा असेल, तर हिशेब पुन्हा मांडावा. इंजिन सुरू असताना तेथे १४.४ व्होल्टपर्यंत दाब चढतो आणि त्याच १८० ओहममधून २७ मिलिअँपिअर वाहू लागतात. अशा वेळी ३३० ओहमचा रेझिस्टर घालणे शहाणपणाचे.

एलईडीचा लांब पाय धन बाजूचा असतो. एलईडी आणि रेझिस्टर छोट्या छिद्रपट्टीवर सोल्डर करावेत, उघड्या जोडांवर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी आणि पट्टीवर काळ्या कागदाची किंवा पातळ पत्र्याची झाकण काढावी, म्हणजे उजेड फक्त मिक्सरवर पडेल. श्रोत्यांच्या आणि चालकाच्या डोळ्यांत जाणार नाही. अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो. म्हणून एलईडी वाढवण्याऐवजी दिवा खाली वाकवावा. रंग निवडताना पिवळसर पांढरा घ्यावा. लाल उजेड डोळ्यांचा अंधाराचा सराव मोडत नाही हे खरे. पण त्यात लाल आणि पांढरा नॉब सारखेच दिसू लागतात आणि रंगांच्या खुणा निरुपयोगी होतात. पिवळसर उजेडाचा आणखी एक लाभ चातुर्मासात कळतो. निळसर प्रखर दिव्यापेक्षा त्याकडे कीटक कमी ओढले जातात, आणि एलईडी गरम बल्बासारखा त्यांना भाजत नाही.

आता सावधगिरीच्या गोष्टी. त्यांत पहिली प्राणाशी निगडित आहे. घरात बंद पडलेला २३० व्होल्टचा एलईडी बल्ब फोडून त्यातील पट्टी काढण्याचा मोह मुलांना होतो. तसे कदापि करू नये. अनेक स्वस्त बल्बांच्या आत घरातील वीज आणि एलईडीची पट्टी यांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारा ट्रान्सफॉर्मरच नसतो. पट्टीचा प्रत्येक जोड थेट विजेच्या तारेला जोडल्यासारखा असतो. तशी पट्टी धातूच्या दांडीवर बसवून ती दांडी मिक्सरला लावली आणि अर्थिंगही नीट नसले, तर वीज मिक्सरच्या पत्र्यातून माइकच्या जाळीपर्यंत पोहोचू शकते. आणि माइक गाणाऱ्याच्या ओठांशी असतो. दिव्यासाठी मिक्सरचे १२ व्होल्टचे सॉकेट किंवा प्रमाणित, बंदिस्त अ‍ॅडॅप्टर, एवढेच मार्ग ग्राह्य धरावेत.

दुसरी गोष्ट: माइकच्या सॉकेटमध्ये ४८ व्होल्टची फँटम वीज मिळते म्हणून काहीजण दिवा तेथे जोडतात. ती वीज कंडेन्सर माइकसाठी असते आणि तिच्यातून जेमतेम दहा मिलिअँपिअर घ्यावेत अशी तिची रचना आहे. तेथे दिवा नीट पेटत नाही आणि शेजारच्या माइकांचा आवाज बिघडण्याचा धोका असतो. तिसरी गोष्ट: दिव्याच्या सॉकेटमध्ये वीज डीसी आहे की एसी, आणि धन टोक कोणते, हे मल्टिमीटरने तपासल्याशिवाय काही जोडू नये. सर्व कंपन्यांची पद्धत एक नसते.

चौथी गोष्ट उजेडाची नसून आवाजाची आहे. बाजारातील पुष्कळ स्वस्त डिमर दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून उजेड कमी करतात. डोळ्यांना ते कळत नाही. पण माइकच्या तारा जवळ असल्याने स्पीकरमधून बारीक किणकिण ऐकू येऊ शकते. त्यापेक्षा मालिकेत एक साधा व्हेरिएबल रेझिस्टर घालावा. तो थोडी वीज उष्णतेत घालवतो, परंतु इतक्या अल्प प्रवाहात ते नुकसान नगण्य आहे, आणि आवाज स्वच्छ राहतो. पॉवर बँकेवर दिवा चालवू पाहणाऱ्यांनाही एक अडचण येते: प्रवाह फार कमी असल्याने मोबाइल भरून झाला असे समजून अनेक पॉवर बँका काही वेळाने आपोआप बंद होतात. कार्यक्रमाच्या मध्यावर अंधार होण्यापेक्षा अ‍ॅडॅप्टर बरा.

दिवा तयार झाल्यावर त्याची परीक्षा कार्यक्रमाच्या संध्याकाळी न घेता आदल्या दिवशी घ्यावी. मिक्सर सुरू करून हेडफोन कानाला लावावा, माइकांचे फेडर वर घ्यावेत आणि दिवा लावून-विझवून, उजेड कमी-जास्त करून ऐकावे. आवाजात काहीही फरक जाणवला नाही, तरच दिवा उत्तीर्ण. तासभर पेटता ठेवून रेझिस्टरला बोट लावावे; तो कोमट असला तर ठीक, चटका बसला तर हिशेबात कोठेतरी चूक आहे. शेवटी दांडीच्या बुंध्याशी ‘१२ व्होल्ट डीसी’ अशी चिठ्ठी चिकटवून तीवर धन टोकाची खूण करावी. आज हा दिवा बनवणाऱ्याला सारे ठाऊक असते. पण पुढच्या वर्षी मंडपात तो दुसऱ्याच कोणाच्या हाती असेल, आणि त्याला अंधारात ही चिठ्ठीच आधार देईल.