खाडीतला गुलाबी, पडद्यावरचा गुलाबी

नवी मुंबईत सीवूड्सच्या पाणथळींवर हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत रोहित पक्षी उतरतात आणि त्यांच्यामागे कॅमेरेही. मोठा रोहित पांढुरका, छोटा रोहित गडद गुलाबी. साध्या ऑफिस मॉनिटरवर हा फरक पुसट होऊ शकतो. म्हणून फोटो एडिटिंगसाठी दोन मॉनिटर घेताना पैसे दोन्हींत सारखे वाटण्यात अर्थ नाही; रंग ज्यावर पारखायचे, त्या मुख्य मॉनिटरवर जास्त खर्च करावा.

मुख्य मॉनिटर आयपीएस पॅनेलचा, २७ इंची, २५६० बाय १४४० पिक्सेलचा असला तरी बहुतेकांना पुरतो. टीएन पॅनेल स्वस्त, पण मान जरा हलली की रंग बदलतो. १९९६ मध्ये मांडलेला एसआरजीबी रंगपट्टा पूर्ण दिसणे ही किमान अट. त्याहून मोठ्या ॲडोब आरजीबी रंगपट्ट्यासाठी मोजलेले जादा पैसे छपाईच्या कामात वसूल होतात. फोटो मोबाइलवरच पाहिले जाणार असतील, तर ती हौसच.

दुसऱ्या मॉनिटरवर टूल आणि फोल्डर राहतात, तिथे घरातला जुनाही चालतो. फोटो शेजारी-शेजारी ताडायचे असतील तर मात्र एकाच मॉडेलची जोडी बरी. तीही तंतोतंत जुळत नाही.

हिशेबात हमखास राहून जातो तो कॅलिब्रेटर. हे छोटे उपकरण पडद्यावर टेकवले की रंग मोजते आणि प्रत्येक मॉनिटरचे वेगळे प्रोफाइल बनवते. पांढरा ६५०० केल्विन, उजेड चौरस मीटरला १०० ते १२० कँडेला, ही रूढ मापे. नवा मॉनिटर बहुधा याहून बराच प्रखर असतो. त्यावर उजळ भासलेला फोटो कागदावर काळवंडतो. खिडकीचे ऊन थेट पडद्यावर येत असेल, तर ही मापेही फसतात.