मुक्काम कोठे करावा?

दोन-तीन दिवसांसाठी मोठ्या शहरी जायचे ठरले, की घरात पहिला प्रश्न निघतो तो उतरायचे कोठे, हा. नातेवाइकांची घरे लहान आणि आपला संकोच मोठा. तेव्हा लॉज किंवा हॉटेल शोधणे आलेच. इंदूर, बेळगाव वा मडगाव येथून मुंबईस जाणाऱ्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ.

बहुतेकांची नजर प्रथम भाड्याच्या आकड्यावर जाते. माझीही तशीच गेली होती. आईला घेऊन गेलो असता मी बोरिवलीस स्वस्तातली खोली घेतली. आईला काळ्या घोड्याजवळचे वस्तुसंग्रहालय पाहण्याची फार दिवसांची हौस. सकाळच्या गर्दीत तीन लोकल सोडून चौथी मिळाली. संग्रहालयात पोहोचेपर्यंत ती थकून गेली. एक दालन पाहून बाकावर बसली आणि म्हणाली, "आता परतू या, पुन्हा गर्दी होईल." भाड्यात वाचलेले पैसे माझ्या खिशात होते, पण तिची हौस मात्र राहून गेली.

तेव्हा हिशेब पुरता मांडावा. समजा, उपनगरातील खोली अठराशे रुपयांस व फोर्टातील सव्वीसशेस मिळते. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे. तो धरून रात्रीमागे ८४० रुपयांचा फरक पडतो. उलट बोरिवलीहून चर्चगेटला जाण्यास घरापासून दारापर्यंत दीड तास धरला, तर जाण्यायेण्यात रोजचे तीन तास गेले. वृद्ध माणसासाठी टॅक्सी करावी लागली, तर वाचलेले ८४० रुपयेही उरत नाहीत. धडधाकट तरुणांनी खुशाल दूर उतरावे. सोबत म्हातारे किंवा मुले असतील, तर मात्र मध्यवस्तीच स्वस्त पडते.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ उतरल्यास हे संग्रहालय दोन किलोमीटरांच्या आत आहे. १९५२ सालचे जहांगीर कलादालन त्याच्या शेजारीच, आणि १९२४ साली खुले झालेले गेटवे तेथून थोडे चालल्यावर. दुपारी खोलीवर येऊन घटकाभर पाठ टेकता येते, हा लाभ कोणत्याही दरपत्रकात लिहिलेला नसतो.

मात्र मध्यवस्तीतली प्रत्येक खोली चांगली, असे समजू नये. जुन्या इमारतींत लॉज पुष्कळदा वरच्या मजल्यावर असतात. लिफ्ट चालू आहे का, हे आधी विचारावे. न्हाणीघर स्वतंत्र की सामाईक, खिडकी रस्त्यावर उघडते की भिंतीवर, सांगितलेल्या भाड्यात कर धरला आहे का, आणि दिवस चोवीस तासांचा की दुपारी बारापर्यंतचा, हेही स्पष्ट करून घ्यावे. पहाटे गाडीतून उतरणाऱ्याला या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर न कळल्यास एका रात्रीचे भाडे अधिक पडते. शक्य तर खोली डोळ्यांनी पाहूनच पैसे द्यावेत. एकच रात्र काढायची असेल, तर रेल्वेच्या विश्रामकक्षाची चौकशी करावी. निश्चित तिकीट असलेल्या प्रवाशाला तेथे आगाऊ आरक्षण करता येते.

खोली आपण झोपण्यासाठी घेतो, हे खरे. पण गावाला जातो ते झोपण्यासाठी नव्हे. म्हणून भाडे विचारण्यापूर्वी सोबतच्या माणसाला काय पाहायचे आहे, ते विचारावे, आणि त्याच्या जवळपास बिऱ्हाड शोधावे.