गवत कापणारा डावा हात

पावसाळा सरला की धुळे-जळगावकडचे दूधवाले शेतकरी हमखास एक प्रश्न विचारतात. घरी चाळीस-पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर आहे, चार-पाच एकर घास आणि मारवेल आहे, कपाशी वेचणीच्या दिवसांत कापणीला माणूस मिळत नाही. तर ट्रॅक्टरला कोणतं मॉवर जोडावं? दुकानात याचं उत्तर एचपीत मिळतं. तुमच्या ट्रॅक्टरला हे सहज चालेल, असं सांगतात. चालेलही. पण एचपीच्या आधी गवताची काडी तुटते कशी, ते पाहायला हवं.

विळ्याने घास कापणाऱ्या बाईकडे नीट पाहा. आपली नजर उजव्या हातातल्या विळ्यावर जाते, पण निम्मं काम डावा हात करतो. तो मूठभर काड्या आवळून धरतो, म्हणून विळा त्यांच्यातून पार होतो. मूठ सोडून नुसता विळा फिरवला तर ओली काडी वाकते आणि पात्याखालून निसटते. कापायला धार लागते, तशीच काडीला जागेवर थोपवणारी दुसरी बाजूही लागते. गवत कापण्याच्या यंत्रांचा सगळा इतिहास म्हणजे या डाव्या हाताचा शोध आहे, आणि तो ज्याने लावला त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही.

त्याचं नाव ओबेड हसी. अमेरिकेतल्या मेन राज्यातला, तरुणपणी देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांवर गेलेला, एका डोळ्याने अधू. १८३३ साली त्याने ओहायोत आपलं कापणी यंत्र चालवून दाखवलं आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पेटंट मिळवलं. सायरस मॅककॉर्मिकचं पेटंट २१ जून १८३४ चं. मॅककॉर्मिकने आपलं यंत्र १८३१ मध्येच शेतात चालवलं होतं हे खरं. त्यामुळे पहिला कोण, हा वाद मिटणारा नाही. मला तो वाद महत्त्वाचा वाटतही नाही. महत्त्वाची आहे ती हसीची रचना. त्याने एका पट्टीवर त्रिकोणी पाती ओळीने बसवली आणि पट्टी डावी-उजवीकडे सरकती ठेवली. खाली लोखंडी बोटांची रांग बसवली, प्रत्येक बोटाला फट, आणि त्या फटीतून पातं ये-जा करणार. बोट काडी अडवून धरतं, पातं ती कापतं. डावा हात लोखंडाचा झाला! गवताचा चोथा फटीत अडकून यंत्र तुंबायचं, म्हणून १८४७ मध्ये त्याने बोटाची फट मागच्या बाजूला वरून मोकळी केली. गव्हाच्या हंगामात आपल्याकडे हार्वेस्टर येतो, त्याच्या पुढची दातेरी पट्टी याच रचनेची वंशज आहे.

तरी नाव झालं मॅककॉर्मिकचं. तो हप्त्यांवर यंत्रं विकायचा, गावोगाव प्रतिनिधी नेमायचा, जाहिरात जाणायचा. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी घेतलेल्या चाचणीत ओल्या, हिरव्या पिकात हसीचं यंत्र त्याच्या गैरहजेरीत नवख्या माणसांनी चालवलं आणि ते अडलं. मोठं पदक मॅककॉर्मिकला मिळालं. त्याच वर्षी सप्टेंबरात इंग्लंडमधल्याच क्लीव्हलंड भागात दुसरी चाचणी झाली. तिथे हसी स्वतः हजर होता आणि परीक्षकांनी त्याच्या यंत्राला पसंती दिली. पण पहिली बातमी तोवर सगळीकडे पोचलेली होती. १८६० च्या ऑगस्टमध्ये एका स्टेशनवर लहान मुलासाठी पाणी आणायला तो गाडीतून उतरला, परतताना गाडी सुटली आणि तो चाकांखाली गेला. मॅककॉर्मिकवर जेवढं लिहिलं गेलं, त्याच्या निम्मं तरी या माणसावर लिहिलं जायला हवं होतं.

आता दुसऱ्या जातीचं यंत्र: डिस्क किंवा ड्रम मॉवर. यात डावा हात नाहीच. तबकडीच्या कडेला लहान पाती लटकतात आणि तबकडी गरगर फिरते. काडी निसटत नाही, कारण तिला वाकायला वेळच मिळत नाही. तिचं स्वतःचं जडत्वच तिला थोपवून धरतं. यासाठी वेग मात्र प्रचंड लागतो. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे अवजारं चालवणारा मागचा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेरे देतो. गिअरमधून ते तबकडीवर ३,००० झाले आणि पात्याच्या टोकाचं वर्तुळ अर्धा मीटर व्यासाचं धरलं, तर टोक सेकंदाला ७८ मीटर, म्हणजे ताशी २८० किलोमीटरने पळतं. हसीच्या पट्टीतलं, म्हणजे आजच्या कटर बारमधलं, पातं सेकंदाला दोन-तीन मीटरवर भागवतं.

हा फरक डिझेलमध्ये दिसतो. अभियांत्रिकीच्या तक्त्यांत कटर बारला कापणीच्या रुंदीच्या दर मीटरला साधारण १.२ किलोवॅट धरतात आणि डिस्क मॉवरला ५. सहा फुटी यंत्राचा हिशेब केला तर एकाला तीन एचपी पुरतात, दुसऱ्याला बारा. ड्रम मॉवरचं वजनही तीनेकशे किलोच्या पुढे असतं आणि ते सगळं ट्रॅक्टरच्या एका बाजूला लटकतं. लहान ट्रॅक्टरने ते उचललं की पुढची चाकं हलकी होतात, आणि ऑक्टोबरातल्या ओलसर काळ्या जमिनीत मागची चाकं घासाच्या गड्ड्यांवर चऱ्या पाडत जातात.

म्हणून घासासाठी माझं मत कटर बारच्या बाजूने आहे. लसूणघास एकदा पेरला की पहिली कापणी पन्नास-साठ दिवसांनी आणि पुढे दर पंचवीस-तीस दिवसांनी, अशी वर्षानुवर्षं चालते. नवे फुटवे गड्ड्यातून आणि बुडख्यावरून येतात, त्यामुळे काप स्वच्छ हवा आणि जमिनीपासून दोन-अडीच इंच वर हवा. फिरतं पातं बोथट झालं की ते कापत नाही, फाडतं, आणि चिंध्या झालेला बुडखा उशिरा फुटतो. काडी चेपून लवकर वाळवणारे कंडिशनर लावलेले महागडे मॉवर हल्ली दाखवले जातात. त्यांचा खरा उपयोग दमट हवेत होतो. खानदेशात ऑक्टोबरच्या उन्हात घास वाळायला वेळ लागत नाही. आपली अडचण उलटी आहे, पानं फार लवकर वाळून झडतात. घासातली बहुतेक प्रथिनं पानांतच असतात. त्या कंडिशनरचे पैसे वाचवावेत आणि घास सकाळी दंव असतानाच उलथावा.

पण सगळी जमीन घासाची नसते. धुळे-नंदुरबारकडे बसाल्टच्या डाइक जमिनीतून भिंतींसारख्या वर आल्या आहेत आणि आसपासच्या माळावर त्यांचे धोंडे विखुरलेले असतात. लळिंगच्या कुरणासारख्या उतारावर तर ट्रॅक्टर नेऊच नये; तिथे विळाच बरा. सपाट पण दगडाळ पडिकात पवन्या आणि कुसळी कापायची असेल, तर डिस्क मॉवर सरस ठरतं. दगड लागला की त्याचं लटकतं पातं मागे वळतं, कटर बारचं बोट मात्र मोडतं. डिस्क मॉवर चालताना आजूबाजूला माणूस-जनावर मात्र नको, कारण उडालेला खडा भयंकर वेगाने जातो. कुसळी फुलोऱ्यातच कापावी. एकदा कुसळं धरली की ती जनावरांच्या तोंडात रुततात आणि मग यंत्र कुठलंही असो, चारा वाया जातो.

जळगावकडे आणखी एक गोष्ट आधी पाहावी लागते, ती ठिबक. नळ्या जमिनीवर पसरलेल्या असतील तर कुठलंही मॉवर त्यांचे तुकडे करील. कापणीआधी गुंडाळायच्या किंवा लावणीच्या वेळीच जमिनीत दाबायच्या. पाटपाण्याचे लहान वाफे असतील तर आडवे वरंबे मोडून लांब सारे पाडल्याशिवाय ट्रॅक्टर आत घालण्यात अर्थ नाही. पऱ्हाट्यांसाठी घेतलेला मल्चर मात्र चाऱ्याला लावू नका. तो चुरा करून मातीत मिसळतो. दादर ज्वारीसाठीही मॉवर नको, कणसं मातीत लोळतात.

कटर बार ठरलंच तर दुकानात पट्टी हाताने सरकवून पाहा, पण पीटीओ सोडवलेला असताना. प्रत्येक टोकाला पोचल्यावर त्रिकोणी पात्याचं टोक बोटाच्या बरोबर मध्यावर यायला हवं. ते अलीकडे-पलीकडे थांबत असेल तर काही काड्या नुसत्याच दुमडल्या जातील. पातं पुढच्या टोकाशी खालच्या प्लेटवर टेकलेलं असावं, मागे कागद जाईल एवढीच फट. गवताला गुळगुळीत धारेची पाती लागतात, दातेरी पाती गव्हा-भाताची. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय यंत्र चाचणी संस्थेसारख्या ठिकाणचा चाचणी अहवाल मागा. ताशी डिझेल किती आणि पाती किती तासांत झिजली, हे त्यातूनच कळतं. अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करणार असाल तर पूर्वसंमती आल्याशिवाय यंत्र उचलू नका. आणि प्रात्यक्षिक विक्रेत्याच्या मोकळ्या प्लॉटवर न घेता आपल्याच शेतात घ्यायला लावा, तेही गवत पडलेलं, गुंतलेलं असेल अशा तुकड्यात.