मिलमध्ये दळतात काय?

'मिल' हा शब्द नांदेडकरांना नवा नाही. सातवे निझाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाची उस्मानशाही मिल त्यांच्याच गावची. तेथे निघे सूत आणि कापड. दळण कधीच नाही. मग तिला मिल का बरे म्हणावे?

या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. तेथे 'मोला' म्हणजे जाते. दाताचे डॉक्टर दाढेला 'मोलर' म्हणतात तेही यामुळेच. दाढ दळतेच ना! पुढे इंग्लंडात पाण्याच्या चाकावर धान्य दळण्याच्या जागेला मिल म्हणू लागले. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही युक्ती समजावून सांगायला नको. तेच पाणी आर्कराइटने १७७१ साली क्रॉमफर्ड येथे सूत कातण्यास लावले. दळण गेले, नाव मात्र राहिले.

आपल्या मराठीनेही तेच केले. पिठाची ती गिरणी आणि कापडाची तीही गिरणीच!

उस्मानशाही मिल आता बंद पडली आहे. पण ज्या घरांची चूल तिच्या पगारावर पेटली, त्यांच्या लेखी मिलचा अर्थ भाकरी असाच होता. जात्यापासून निघालेला शब्द असा भाकरीपाशी पोहोचला.