धंद्याला सरकारची मदत : ती कशी मिळते आणि कुठे अडते

मंडळी, गावात कुणी नवा धंदा काढायचे मनात आणले, की पारावर पहिला प्रश्न ठरलेला असतो. 'सरकार किती देते?' प्रश्न गैर नाही. सरकार देते, हे खरे आहे. पण त्याच्या आधी विचारायचा एक प्रश्न बहुधा राहून जातो, आणि पुढे बँकेचा हप्ता थकला म्हणजे तो आठवतो. तो प्रश्न असा : ज्या कामाचा धंदा काढायचा, ते काम आपल्या हाताला येते का?

एक उदाहरण घेऊ, म्हणजे आकडे डोळ्यांपुढे राहतील. समजा, तुमच्या गावातल्या एका मुलाला वेल्डिंगचे दुकान घालायचे आहे. ट्रॉलीची दुरुस्ती, शेताची फाटके, खिडक्यांच्या जाळ्या, पत्र्याच्या शेडचा सांगाडा, अशी कामे. यंत्रे, शेड आणि थोडे खेळते भांडवल मिळून खर्च येतो ८ लाख रुपये. घरात एवढी रक्कम नाही. मग तो जातो तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, आणि त्याला 'मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम' हे नाव ऐकू येते.

राज्य सरकारने ही योजना २०१९ साली सुरू केली. तिचे काम जिल्हा उद्योग केंद्र आणि राज्याचे खादी व ग्रामोद्योग मंडळ यांच्याकडे आहे. सुरुवातीच्या आराखड्यात ग्रामीण भागातल्या सर्वसाधारण गटातील अर्जदाराला प्रकल्पाच्या २५ टक्के अनुदान ठरले होते, आणि त्याने स्वतःचे १० टक्के घालायचे होते. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, भटक्या जमाती, अल्पसंख्याक, अपंग आणि माजी सैनिक यांना ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान, आणि स्वतःचा वाटा ५ टक्के. अशा नियमांत वेळोवेळी फेरफार होतात. म्हणून अर्ज भरायच्या दिवशी कोणता आकडा लागू आहे, ते उद्योग केंद्रातच विचारावे. आपण हिशेब समजण्यापुरते हेच आकडे धरू.

आपल्या मुलाचे ८ लाख. त्याचे स्वतःचे ८० हजार. अनुदान २ लाख. राहिले ५ लाख २० हजार, ते बँकेचे. इथपर्यंत सारे ठीक. पण इथेच पुष्कळांची गल्लत होते. त्यांना वाटते, २ लाख आपल्या हातात पडणार. तसे ते पडत नाहीत! बँक त्याला ७ लाख २० हजारांचे कर्ज देते, आणि सरकारकडून आलेले २ लाख त्याच्या नावाने वेगळे ठेव म्हणून ठेवते. ही ठेव तीन वर्षे हलत नाही. तिच्यावर व्याज मिळत नाही, आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर बँक व्याज लावतही नाही. तीन वर्षांनंतर पाहणी होते. दुकान खरोखर चालू असले, तर ते २ लाख कर्जात वळते होतात. मधेच दुकानाला कुलूप लागले, तर अनुदान सरकारकडे परत जाते, आणि कर्ज मात्र त्याच्याच डोक्यावर राहते.

म्हणजे हे अनुदान धंदा काढल्याबद्दल नाही बरे का, तो तीन वर्षे टिकवल्याबद्दल आहे. मला स्वतःला ही अट शहाणपणाची वाटते. नाहीतर अनुदान घेऊन यंत्रे विकून मोकळे होणारे काही थोडे नसतात.

आता तीन वर्षे दुकान टिकायचे कशावर? कर्ज मंजूर झाले, की अर्जदाराला उद्योजकतेचे प्रशिक्षण घ्यावे लागते. पुष्कळ मुले म्हणतात, 'तिथे शिकवतीलच की!' तिथे शिकवतात जरूर, पण काय? हिशेब कसा ठेवावा, बँकेशी व्यवहार कसा करावा, कर कसे भरावे, गिऱ्हाईक कसे जोडावे. हे सगळे हवेच. पण ट्रॉलीचा तुटलेला सांधा कसा जोडावा, कोणत्या पत्र्याला किती करंट लावावा, हे त्या वर्गात शिकायला मिळत नाही. ते हाताचे शिक्षण. त्याची शाळा वेगळी आणि तिचे सरकारी खातेही वेगळे.

जुन्या गावगाड्यात ही अडचण नव्हती. लोहारसाळेत पोर आधी भाता ओढी, मग घण मारी, आणि कुठे वर्षानुवर्षांनी त्याच्या हाती सांडशी येई. धंदा आणि त्याचे शिक्षण एकाच छपराखाली चाले. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ज्याच्या घरी भाता नाही, त्याला ती कला मिळतच नसे. आज कुणाचाही मुलगा, कुणाचीही मुलगी ती शिकू शकते, ही मोठी गोष्ट आहे. मात्र शिक्षणाचे दार एकीकडे आणि भांडवलाचे दार दुसरीकडे, अशी वाटणी झाली आहे. दोन्ही दारे जोडण्याचे काम अर्जदारालाच करावे लागते, आणि ते त्याला कुणी सांगत नाही.

शिकण्याच्या जागा मात्र जवळ आहेत. पहिली, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपली आय.टी.आय. तिथल्या पाटीवर 'संधाता' असे लिहिलेले दिसेल. बिचकू नका. संधाता म्हणजेच वेल्डर. हा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे, आणि दहावी नापास मुलालाही त्यात प्रवेश मिळू शकतो. वीजतंत्री किंवा जोडारी व्हायचे, तर दोन वर्षे लागतात. दुसरी जागा, जिल्ह्याच्या अग्रणी बँकेने चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. अभ्यासक्रम थोड्या मुदतीचे असतात, राहणे-जेवण धरून सगळे मोफत. शेतीमुळे वर्षभर बाहेर राहता येत नाही, त्याला हीच सोयीची.

तिसरी जागा माझ्या मते सर्वांत मोलाची : कारखान्यातली शिकाऊ उमेदवारी. तिचा कायदा १९६१ सालचा आहे. ३० किंवा अधिक माणसे काम करणाऱ्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि उमेदवाराला दरमहा विद्यावेतन मिळते. या विद्यावेतनाचा भार मालकाला जड वाटू नये, म्हणून महाराष्ट्र सरकारने २०२१ साली त्यातला ७५ टक्के किंवा ५ हजार रुपये, यांपैकी कमी असेल तेवढा वाटा उचलण्याची योजना काढली. याचा खरा फायदा पैशाच्या पलीकडे आहे. माल कुठून येतो, वाया किती जातो, काम वेळेत दिले नाही तर गिऱ्हाईक काय बोलते, हे मुलगा दुसऱ्याच्या पैशावर शिकतो. तेच स्वतःच्या दुकानात, कर्जाच्या पैशावर शिकायचे म्हटले, तर फार महाग पडते.

आणि उधारी! आपल्या गावातले दुकान बहुधा कामाअभावी बसत नाही, उधारीने बसते. सोयाबीन विकल्यावर देतो, ऊस गेल्यावर देतो. देणारा खोटा नसतो, पण बँकेचा हप्ता सुगीची वाट पाहत नाही. म्हणून ८ लाखांच्या अंदाजात खेळते भांडवल किती धरले, ते आधी पाहावे. चकचकीत यंत्राच्या मोहाने तो आकडा कमी करू नये. कोटेशन देणारा दुकानदार यंत्राबद्दलच बोलेल, त्याचा तो धंदा आहे.

गुरुजी आणि बाई, यात तुमची मदत फार होईल. अर्ज संगणकावर भरायचा असतो, आणि तेवढ्यासाठी गावोगाव मध्यस्थ हिंडतात. मध्यस्थाची जरुरी नाही. आधार, दाखले, प्रकल्प अहवाल आणि कोटेशन नीट असले, तर शाळेतल्या संगणकावरूनही अर्ज भरता येईल. मूळ आराखड्यात १० लाखांच्या वरच्या प्रकल्पाला सातवी पास आणि २५ लाखांच्या वर दहावी पास अशी अट होती. म्हणजे आपल्या ८ लाखांच्या दुकानाला शिक्षणाची अट आडवी येत नव्हती.

दहावीचा निकाल लागला, की यादीत नापास झालेल्या मुलांची नावे वेगळी काढा. पास झालेल्यांना वाट विचारायला घरी कुणीतरी असते. आय.टी.आय.चे प्रवेश त्याच सुमारास सुरू होतात. त्या मुलांना एकदा तालुक्याच्या संस्थेत घेऊन जा, कर्मशाळेत उभे करा, ठिणग्या उडताना पाहू द्या. आणि परत येताना त्यांच्यापैकी कोण गप्प आहे नि कोण प्रश्न विचारतो आहे, ते लक्षात ठेवा.