ईदनंतर तिसऱ्या दिवशी

२०२१ ची रमजान ईद शुक्रवारी, १४ मे रोजी झाली. कोरोनामुळे बहुतेकांनी नमाज घरातच अदा केली. आणि सोमवारी, १७ मेला ‘तौक्ते’ चक्रीवादळ पालघरच्या किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे गेले. नाव म्यानमारने दिलेले; अर्थ, मोठ्याने ओरडणारी पाल!

वादळ इथे जमिनीवर आले नाही. त्या रात्री ते गुजरातेत, दीवच्या पूर्वेला धडकले. पण चक्रीवादळाचा पाऊस केंद्रापुरता नसतो, ढगांचे पट्टे शेकडो किलोमीटर पसरलेले असतात. सांताक्रूझला २४ तासांत २३० मिलिमीटर पाऊस झाला, तोही ऐन मे महिन्यात. पालघरच्या वडराई किनाऱ्याजवळ ‘गॅल कन्स्ट्रक्टर’ हा तराफा वाहत येऊन अडकला. त्यावरील १३७ जणांना वाचवता आले. ‘पी-३०५’ तराफ्यावरच्या अनेकांचे नशीब तसे नव्हते.

धाकटी डहाणूसारख्या मच्छीमार गावात मे महिना घाईचा असतो. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद. त्याआधी बांबूच्या वलांड्यांवर बोंबील आणि खाली सुकट वाळवून पावसाळ्याची तजवीज करायची, आणि हे काम मुख्यतः बायकांचे. इशारा मिळाला तर होडी खाडीत आणून दोरांनी बांधता येते. अर्धवट सुकलेला बोंबील कुठे न्यायचा? एकदा भिजला की तो सडतो. डहाणू-घोलवडच्या चिकूवाडीतही तसेच, झाड वाचले तरी फळ खाली पडते.

वारा सुटला, ढग दाटले की पैगंबर (स.) यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसे आणि पाऊस पडू लागला की ती निवळे, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे. थंडी-पावसाच्या रात्री नमाज आपापल्या मुक्कामीच अदा करा, अशी घोषणा मुअज्जिनकडून करवली जाई, हे हजरत इब्ने उमर (रजि.) यांच्या कथनात येते. म्हणजे इशारा ऐकून घरी थांबणे हा ईमानाचा कमकुवतपणा नव्हे. आमच्या काही घरांत आजही तसे मानतात, म्हणून हे लिहिले.

अरबी समुद्र तापतो आहे. त्याआधीच्याच वर्षी, ३ जून २०२० ला, ‘निसर्ग’ वादळ रायगडवर आले होते. पंचनाम्यात फुटलेली होडी आणि उडालेले पत्रे मोजता येतात. वलांडीवर भिजलेल्या बोंबलाचा हिशेब मात्र वाळवणाऱ्या बाईलाच ठाऊक असतो, आणि तिच्याकडे त्याची पावती नसते.